वीस वर्षं मोटारी भरल्या, फॅराडे आत्ता भेटला. फुकट लेक्चरं बघून वीज-चुंबकत्व कुणी शिकलंय का?

तांब्याची_तार — रविवार, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून बरीच वर्षं इथं आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं कुपवाड एमआयडीसीजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शिक्षण दहावी मराठी माध्यम, मग आयटीआय. आमच्या धंद्यात डोकं कमी आणि हात जास्त चालतो. जळालेली मोटार आली की जुनी कॉइल तोडायची, टर्न (तारेचे वेढे) मोजायचे, तारेचा गेज बघायचा, पिच वहीत टिपायची आणि जसं होतं तसं परत भरायचं. का, ते कुणी विचारत नाही. पंप चालला की शेतकरी खूश, आपण खूश.

मागच्या पावसाळ्यात दुकानातल्या नव्या पोरानं तीन एचपीच्या मोटारीत ४४ च्या जागी ३८ टर्न टाकले. मोजताना फोनवर बोलत होता. मोटार सुरू झाली, फिरली पण झकास. पण नो-लोडलाच, म्हणजे काही भार नसतानाच, साडेतीन अँपिअर ओढायला लागली. एरवी सव्वादोन ओढते. अर्ध्या तासात बॉडीवर हात ठेववेना.

पोरगा म्हणाला, "मालक, टर्न कमी म्हणजे तार कमी, तार कमी म्हणजे रेझिस्टन्स कमी, म्हणून करंट वाढला, बरोबर ना?" मी हो म्हणालो. वीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलोय.

रात्री झोप लागेना. सकाळी एका चांगल्या मोटारीच्या फेजचा रेझिस्टन्स मोजला. चार ओहम. स्टार कनेक्शन, म्हणजे फेजला २४० व्होल्ट. २४० भागिले ४ म्हणजे ६० अँपिअर. आणि जातो सव्वादोन! मग बाकीचा करंट अडवतंय कोण? रेझिस्टन्स तर नक्कीच नाही.

तिथून मी यूट्यूबवर शिरलो. एमआयटीच्या वॉल्टर लेविन यांची २००२ सालची वीज-चुंबकत्वाची ३६ लेक्चरं आहेत, ती सापडली. इंग्रजी माझं यथातथाच, म्हणून वेग कमी करून, सबटायटल लावून बघतो. दुकान बंद केल्यावर जमेल तसं अर्धं-अर्धं लेक्चर. चार महिने झाले. सोळाव्यात फॅराडेचा नियम आला आणि उत्तर मिळालं: कॉइलमध्ये बदलता फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करतो, तेच मेनच्या २४० ला तोलून धरतं. टर्न कमी केले की तेवढंच उलटं व्होल्टेज तयार व्हायला प्रत्येक टर्नमागे फ्लक्स जास्त लागतो. लोखंडाला तेवढा झेपत नाही, ते सॅच्युरेट होतं, म्हणजे फ्लक्सनं भरून जातं, आणि करंट भसाभसा वाढतो. रेझिस्टन्सचा त्यात हात नसल्यातच जमा.

लई बरं वाटलं. पण आता अडकलोय तीन ठिकाणी:

गणित. ते लांबोडकं एस आणि त्यावर गोल. बघितलं की पोटात गोळा येतो.

मराठीत असं काही आहे का?

आणि तिसरं म्हणजे त्याच सोळाव्या लेक्चरमधला शेवटचा प्रयोग. एका रिंगमध्ये १०० ओहम आणि ९०० ओहम. मधून बदलता फ्लक्स. रिंगच्या त्याच दोन बिंदूंना डावीकडून एक मीटर, उजवीकडून एक मीटर. एक ०.१ दाखवतो, दुसरा ०.९, आणि चिन्हही उलटं. त्याच दोन बिंदूंना! मी आयुष्यभर मीटर लावून पोट भरतोय. हे मला पटत नाही.

---

चहाबिस्किट — रविवार, रात्री ११:०५

पहिलाच धागा आणि थेट एमआयटी! इथं लोक जिलब्या पाडतात, तुम्ही कॉइल पाडताय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

आयडी मोठा आहे, आजपासून तुम्ही "तातां". हलकेच घ्या.

---

खडू_फळा — सोमवार, सकाळी ६:२०

तातां, धागा वाचून चहा गार झाला. मी परभणीकडच्या ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त. ६० अँपिअरचा जो भागाकार तुम्ही केलात, तो माझ्या एकाही विद्यार्थ्यानं स्वतःहून केला नाही. आमच्याकडे प्रश्न असतो "सिद्ध करा". तुमच्याकडे मोटार तापली होती.

मराठीचं आधी सांगतो. दहावीच्या बालभारतीच्या विज्ञान भाग १ मध्ये "विद्युतधारेचे परिणाम" असा धडा आहे, पीडीएफ फुकट मिळते. तो एकदा वाचाच, मराठी शब्द हाताशी राहतात: विभवांतर, रोध, प्रवर्तन. पण अकरावीपासून आपल्याकडे सायन्स इंग्रजीतच. हिंदी चालत असेल तर आयआयटी कानपूरचे निवृत्त प्राध्यापक एच. सी. वर्मा सरांची विद्युतचुंबकत्वाची लेक्चरं आहेत. घाई नाही, डामडौल नाही, समोर बसवून सांगितल्यासारखं शिकवतात.

आता ते गोल लावलेलं एस. घाबरू नका, ती बेरीज आहे. देवळाला प्रदक्षिणा घालताय असं समजा. प्रत्येक पावलाला लिहायचं, किती चढलो, किती उतरलो. परत दारात आलो की सगळ्याची बेरीज शून्य यायला हवी, कारण दार तिथंच आहे. बॅटरी आणि रेझिस्टन्सच्या साध्या सर्किटमध्ये अशीच येते, त्याला किर्चहॉफचा नियम म्हणतात. पण देवळाच्या मधोमध बदलता फ्लक्स असला, तर प्रदक्षिणा पुरी करून दारात येता आणि बघता तो काय, एक मजला वर! जिना कुठंच नाही, फरशी सगळीकडून थोडी थोडी चढी. दुसरी प्रदक्षिणा घातली तर दोन मजले. तुमच्या भाषेत, टर्न वाढवला की व्होल्टेज वाढतं. तुम्ही वीस वर्षं हेच भरत आलात.

---

प्राजक्त_७८ — सोमवार, सकाळी ९:४०

धागा आवडला. एक गोष्ट नोंदवून ठेवते, राग मानू नका.

लेविन यांची लेक्चरं एमआयटीच्या स्वतःच्या साइटवर आता नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये, एका ऑनलाइन कोर्समधल्या विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी झाल्यावर, संस्थेनं त्यांचं एमेरिटस पद काढून घेतलं आणि व्हिडिओही उतरवले. यूट्यूबवर दिसतात त्या प्रती दुसरीकडच्या आहेत. मी पॉलिटेक्निकला शिकवते. वर्गात मुली असतात, फुकट कोर्स करायला त्या एकट्याच नेटवर जातात. त्यामुळे मी ती लिंक देत नाही. कुणी बघू नये असं म्हणत नाही, पण माहीत असून बघावं.

पर्याय आहे. येल विद्यापीठाचे राममूर्ती शंकर. स्वतः आयआयटी मद्रासचे, इलेक्ट्रिकलचेच पदवीधर. २०१० मध्ये चित्रित झालेला त्यांचा फिजिक्सचा दुसरा कोर्स आहे, निम्म्याहून जास्त भाग वीज-चुंबकत्वाचा. फळा, खडू आणि कोरडे विनोद. डेमो जवळपास नाहीत, पण पायरी एकही गाळत नाहीत. एनपीटेलवरही भरपूर आहे. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं मिळून २००३ पासून सुरू केलेलं. प्रत्येक कोर्सचा दर्जा मात्र वेगळा. काही ठिकाणी सर स्लाइड वाचून दाखवतात, तिथं पहिल्या दहा मिनिटांत उठावं.

---

तांब्याची_तार — सोमवार, दुपारी २:१५

ताई, राग कसला. हे मला ठाऊक नव्हतं. माझी मुलगी अकरावीला आहे, कधीकधी शेजारी बसून बघते. तिला शंकर सरांचं लावून देतो. मी सुरुवात केलीय ते पुरं करतो, पण तुम्ही म्हणता तसं, माहीत असून.

सर, प्रदक्षिणेचं मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मग पप्पा उलटी प्रदक्षिणा घातली तर तळघरात." निगेटिव्ह चिन्ह तिला माझ्याआधी कळलं.

---

मी_बारावी — सोमवार, रात्री ८:३०

काका, मी लातूरला क्लासमध्ये आहे. आम्हाला हे सगळं आठ दिवसांत उरकलं. फॅराडे, लेंझ, सूत्र, आणि मग चारशे एमसीक्यू. मी पण ही लेक्चरं बघायचो, जेवताना. बघताना वाटतं सगळं कळलं. मग प्रश्न आला की कोरं पान.

तुमचं असं होत नाही का?

---

तांब्याची_तार — सोमवार, रात्री ९:१०

बाळा, पहिल्या दहा लेक्चरला अगदी असंच झालं. सिनेमा बघितल्यासारखं. मग एक सवय लावली. प्रयोग सुरू होणार असं दिसलं की व्हिडिओ थांबवायचा. वहीत लिहायचं: आता काय होईल? काटा डावीकडे जाईल की उजवीकडे? बल्ब पेटेल की नाही? तारीख टाकून लिहायचं आणि मगच चालू करायचं.

पहिल्या महिन्यात माझं निम्म्याच्या वर चुकलं. वही उघडली की लाजच वाटते. पण जे चुकलं ते आजही आठवतं. जे बरोबर आलं त्यातलं बरंच विसरलो.

त्या कोर्समध्ये पोरांना घरी मोटार बनवायची स्पर्धा पण होती. तांब्याची तार, दोन कागदाच्या क्लिपा, चुंबक, लाकडी ठोकळा आणि दीड व्होल्टचा सेल. मी थांबवून बनवली. तीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. पहिल्यांदा फिरलीच नाही. तारेचं इनॅमल दोन्ही टोकांना पूर्ण खरवडलं होतं. एका टोकाला निम्मंच खरवडायचं असतं, नाहीतर अर्ध्या फेरीत जोर उलटा होतो. रोज कम्युटेटर (मोटारीत करंटची दिशा पालटणारा भाग) साफ करणारा माणूस मी, आणि कम्युटेटर का असतो ते एका कागदाच्या क्लिपेनं शिकवलं.

---

दूरदेशी — मंगळवार, पहाटे ४:०२

जर्मनीतून. पॉवर सप्लायच्या डिझाइनमध्ये आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. तातां, तुम्हाला ते पटत नाही यात गैर काही नाही. भल्याभल्यांना पटलेलं नाही. २०१८ मध्ये इलेक्ट्रोबूम चॅनेलवाले मेहदी सदाघदार यांनी यावर जाहीर हरकत घेतली होती आणि त्यावर नेटवर महिनोन्महिने धुरळा उडाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात: मीटरच्या वायरीतही व्होल्टेज तयार होतं, ते हिशेबात धरा, किर्चहॉफ सुखरूप आहे.

मी त्यांच्या बाजूचा. आम्ही रोज ट्रान्सफॉर्मरची सर्किट सोडवतो, सेकंडरीच्या (आउटपुट वाइंडिंगच्या) जागी एक सोर्स काढतो आणि किर्चहॉफ लावतो. उत्तर बरोबर येतं. "नियम मोडला" म्हणणं हा वर्गातला नाट्यप्रयोग आहे. दोन मीटर वेगवेगळे दाखवतात ते प्रोबिंग (मीटरच्या वायरी लावणं) चुकल्यामुळे.

---

खडू_फळा — मंगळवार, सकाळी ६:४५

दूरदेशी, आकडे दोन्ही पक्षांचे सारखेच येतात, भांडण शब्दांचं आहे. पण "प्रोबिंग चुकलं" हे मान्य नाही. मग बरोबर प्रोबिंग कुठलं? डावं की उजवं? चुकीचं आहे तर खरा आकडा सांगा. ०.१, ०.९, की मधलं काहीतरी?

तुम्ही सेकंडरीच्या जागी सोर्स काढता, कारण फ्लक्स कोअरच्या आत बंद असतो आणि तुम्ही टर्मिनलच्या बाहेर उभे असता. चालतं. इथं मात्र सर्किटनंच फ्लक्सला वेढा घातलाय. सोर्स कुठं काढाल? १०० च्या बाजूला की ९०० च्या? रिंगमध्ये बॅटरी कुठंच नाही. या प्रश्नावर अमेरिकेतल्या भौतिकीच्या अध्यापनाच्या नियतकालिकात १९८२ मध्येच रोमर यांचा लेख आलाय, शीर्षकच असं की व्होल्टमीटर मोजतो तरी काय?

मराठीनंच आपला घोटाळा केलाय असं मला वाटतं. आपण म्हणतो "व्होल्टेज येतंय", "व्होल्टेज गेलं", जणू नळाला पाणी. व्होल्टेज एखाद्या जागी बसलेली वस्तू वाटते. इंग्रजीतही तोच गोंधळ आहे म्हणा. फ्लक्स बदलत असला की दोन बिंदूंमधला आकडा वाटेवर ठरतो. मीटर फक्त आपल्या वायरीच्या वाटेचा आकडा सांगतो.

---

चहाबिस्किट — मंगळवार, सकाळी १०:११

आमच्याकडे शॉक बसला तरी "करंट लागला", बिल जास्त आलं तरी "करंट लागला". आणि लाइट "जाते". कुठं जाते ते महावितरणलाच ठाऊक.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सर १, दूरदेशी ०.

---

तांब्याची_तार — गुरुवार, रात्री ११:३०

मंडळी, वाद ऐकून राहवेना. दुकानात जुना वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर पडून होता. चौकटी लोखंडी कोअर, दोन लिंब (चौकटीचे उभे खांब). एका लिंबवर प्रायमरी (इनपुटचं वाइंडिंग) शाबूत, दुसऱ्याची सेकंडरी कुणीतरी तांब्यासाठी केव्हाच सोडवून नेलेली. म्हणजे उघडा लिंब आयताच मिळाला.

प्रायमरीला डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करायचं यंत्र) लावला. (करून बघणाऱ्यांना: डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे. प्रायमरीची टोकं टेप करा आणि चालू असताना हात लावू नका.) उघड्या लिंबभोवती वायरचा एकच वेढा घेतला आणि डिमरस्टॅट फिरवत एका वेढ्याला बरोबर १ व्होल्ट आणला. मग त्या वेढ्यात रेझिस्टन्स घातले. लिंबच्या बाहेरच्या अंगाला १०० ओहमचा एक. विंडोच्या (दोन लिंबांमधल्या पोकळीच्या) अंगाला शंभराचे नऊ सिरीजमध्ये, म्हणजे ९००. पुढच्या अंगाला जोड क, मागच्या अंगाला जोड ख.

पहिला पिवळा मीटर डावीकडे, बाहेरच्या अंगाला. एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची, त्यामुळे एकच दशांश दिसतो. दाखवलं ०.१.

दुसरा मीटर उजवीकडे, कोअरच्या त्या टोकाला स्टुलावर. वायरी लांब केल्या, क ला आणि ख ला त्याच जोडांवर लावल्या. वहीत आधी लिहून ठेवलं होतं: "०.९ येणार, सर म्हणतात म्हणून."

आलं ०.१.

दोन्ही मीटर ०.१! मीटर अदलाबदल करून बघितले. परत ०.१. सर, आता काय म्हणता? दूरदेशी साहेब जिंकले का?

---

दूरदेशी — शुक्रवार, पहाटे ३:२०

काही बोलत नाही. फक्त स्मितहास्य.

---

खडू_फळा — शुक्रवार, सकाळी ६:०५

तातां, एकच प्रश्न. उजव्या मीटरच्या मागच्या जोडाकडे जाणारी वायर विंडोतून आत घेतली, की अख्ख्या कोअरला बाहेरून वळसा घालून मागं नेली?

---

तांब्याची_तार — शुक्रवार, सकाळी ९:३०

बाहेरून. मीटर त्या टोकाला होता, विंडोत प्रायमरीचं वाइंडिंग आलंय, म्हणून वळसा घालून मागं नेली. लांबच्या लांब, कोअरला न चिकटवता. नीटच केलं होतं.

---

खडू_फळा — शुक्रवार, सकाळी १०:१५

नीटच केलंत, पण प्रयोग वेगळाच झाला. आणि मला तर हा जास्त आवडला.

लेविन यांच्या प्रयोगात मधला फ्लक्स एकाच ठिकाणी असतो, परतीची वाट हवेत पसरलेली. तुमच्या चौकटी कोअरमध्ये फ्लक्स एका लिंबमधून वर जातो आणि दुसऱ्यातून खाली येतो. आता बोट फिरवत वाट काढा: क पासून १०० ओहममधून ख, तिथून मागच्या बाजूनं उजव्या टोकाला मीटर, आणि पुढच्या बाजूनं परत क. या वेढ्याच्या पोटात काय आलं? दोन्ही लिंब. एकातला वरचा, एकातला खालचा. बेरीज शून्य. म्हणजे ही प्रदक्षिणा घालून तुम्ही त्याच मजल्यावर परत येता. मग त्या मीटरनं १०० ओहमचाच आकडा दाखवायला हवा. दाखवला ०.१!

मीटर कुठल्या बाजूला ठेवलाय याला काडीची किंमत नाही. वायरीनं कशाला वेढलंय ते बघायचं. मागची वायर विंडोतून घ्या, लिंब आणि प्रायमरीच्या मधून. मीटर तिथंच राहू द्या.

दूरदेशी, स्मितहास्य जरा राखून ठेवा.

---

प्राजक्त_७८ — शुक्रवार, सकाळी ११:००

सर, हे मी वर्गात घेणार. आमच्या लॅबमध्ये असाच एक ट्रान्सफॉर्मर आहे.

जाता जाता: याच कोर्ससाठी एमआयटीनं पुढं मोठ्या हॉलमधली लेक्चरं कमी करून टेबलाभोवती गटानं बसून प्रयोग आणि चर्चा अशी पद्धत आणली. जॉन बेल्चर नावाच्या प्राध्यापकांचा त्यात पुढाकार होता. क्षेत्ररेषांची त्यांची अ‍ॅनिमेशनं नेटवर फुकट आहेत, इंग्रजी न येणाऱ्यालाही कळतील अशी. सांगायचं कारण, या धाग्यावर आपण टेबलाभोवतीच बसलोय.

---

तांब्याची_तार — शुक्रवार, रात्री १०:५५

मागची वायर विंडोतून घेतली. प्रायमरीवर लेदरॉइड पेपर टाकला, त्यावरून सरकवली. शेजारच्या पॅनलवाल्याकडून चांगला मीटर मागून आणला, दोन व्होल्ट एसी रेंजचा.

डावीकडे ०.१०१. उजवीकडे ०.८९६.

तेच दोन जोड. हात न लावता दोन मीटर शेजारीशेजारी दोन आकडे दाखवत होते. मग उजव्याची वायर विंडोतून काढून परत बाहेरून घेतली: ०.१०१. आत घेतली: ०.८९६. जोड हलवला नाही, मीटर हलवला नाही, फक्त वायरीची वाट बदलली. असं दहा-बारा वेळा केलं असेल. पोरगा म्हणाला, मालक, घरी जायचं नाही का?

एक कबूल करतो. आमच्याकडे कधीकधी ट्रान्सफॉर्मरजवळ मीटर लावला की उगाच आकडा येतो. आम्ही म्हणतो "इंडक्शन धरतंय" आणि पुढं जातो. काय धरतंय ते कधी विचारलं नाही. त्या लोंबत्या वायरीनं लिंबला वेढा घातलेला असणार.

---

दूरदेशी — शनिवार, पहाटे ४:४०

पटलं, अर्धं. किर्चहॉफ मी उद्याही वापरणार, पण "चुकीचं प्रोबिंग" हे शब्द मागे घेतो. विंडोतली आणि बाहेरची वायर एकाच मीटरला दोन आकडे देते आणि दोन्ही बरोबर असतात, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. बोर्डवर प्रोबची ग्राउंड वायर लांब ठेवली की वेव्हफॉर्म बिघडतो, त्याला आम्ही नॉइज म्हणतो. तेही हेच. वाईट वाटलं थोडं.

एक भर घालतो. फॅराडेनं २९ ऑगस्ट १८३१ रोजी जी लोखंडी रिंग वापरली, तिच्यावरही अशीच दोन बाजूंना दोन वाइंडिंग होती. आणि हा गृहस्थ मुळात बुकबाइंडरकडचा उमेदवार. एका गिऱ्हाइकानं हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली, म्हणून १८१२ मध्ये तो ऐकायला गेला. टिपणं काढली, स्वतःच बाइंड केली आणि डेव्हीला पाठवली. पुढच्या वर्षी तिथंच नोकरीला लागला.

---

चहाबिस्किट — शनिवार, सकाळी ९:००

तातां, वही बाइंड करून घ्या. मिरजेत चांगले बाइंडर आहेत.

---

मी_बारावी — शनिवार, दुपारी १:२५

काका, मी तुमच्यासारखं आधी वहीत लिहिलं, मग इथं टाकतोय. फोटो पण काढून ठेवलाय, म्हणजे नंतर बदलता येणार नाही.

उजव्या मीटरची वायर विंडोतून जाते तेव्हा ०.९. तिला तिथंच त्याच लिंबभोवती अजून एक पूर्ण वेढा दिला, तर सरांच्या हिशेबानं एक मजला वाढला पाहिजे. एका दिशेनं वेढा दिला तर १.९. उलट्या दिशेनं दिला तर ०.९ वजा १, म्हणजे उणे ०.१. एसी मीटरला चिन्ह कळत नाही, म्हणून तो नुसता ०.१ दाखवेल.

हे कुठल्याच एमसीक्यूत नव्हतं. चुकलं तर हसू नका. करून बघाल का?

---

तांब्याची_तार — शनिवार, रात्री ९:४८

वायर आखूड पडली, दुसरा तुकडा जोडायला लागला, म्हणून उशीर.

सरळ वेढा: १.८९.
सोडला, उलटा दिला: ०.१०.

मुलीनं तुझ्या पोस्टचं पान माझ्या वहीत उतरवून घेतलंय, तारीख टाकून. आता ती विचारतेय की दोन वेढे दिले तर. मी व्हिडिओ थांबवल्यासारखा डिमरस्टॅट शून्यावर आणलाय. तिनं लिहिल्याशिवाय चालू करणार नाही.